पान तीन, ओळ चौदा

प्रॉसर आला तेव्हा मी फ्लूच्या लशी मोजत होते.
कार्डिफहून आलेला, तरी बूट स्वच्छ.
हातात लेझरची टेप. तिचा लाल ठिपका
या भिंतीवरून त्या भिंतीवर उडी मारायचा
आणि खोली आकडा होऊन बसायची.

वेटिंग रूम, एकोणीस बाय चौदा.
खुर्च्या बावीस, त्यातल्या तीन डगमगत्या.
छप्पर वेल्श स्लेटचं, ते धरलं.
मागच्या भिंतीला ओल, ती वजा.
गाड्यांना जागा चार.
'पाच,' मी म्हटलं, 'पाचवी गेरेंटच्या अंगणात,
तो कुणाला नाही म्हणत नाही.'
त्यानं चारच लिहिलं.

पुढच्या ओळीवर तो थबकलासुद्धा नाही.
गुडविल, म्हणाला, शून्य.
सरकारी योजनेतल्या दवाखान्याचं
विकताच येत नाही इथे, कायद्यानं,
अठ्ठेचाळीस सालापासून. तुम्हाला माहीत असेलच.

माहीत होतं.
मिरजेचा मामेभाऊ फोनवर हसला होता,
'अगं, इथे नुसत्या पाटीची पगडी मिळते!
कोपऱ्यावरचा डॉक्टर गेला, तर पोरानं
पाटीसकट पेशंट विकले.'
माझीही पाटी आहे की. अॅबरडेअरच्या पावसात
तेहतीस वर्षं पुसलेली.
यादीत सहा पौंड. पितळ म्हणून.

एकदा वाटलं, प्रॉसरला विचारावं,
हातगुण कुठल्या रकान्यात घालता?
पण तो शब्द इंग्रजीत नेताना
वाटेतच सांडतो.
हात एका भांड्यात, गुण दुसऱ्या,
आणि दोन्ही रिकामी.

मेगन पावेल म्हणायची,
तुम्ही नुसता हात लावलात तरी बरं वाटतं.
हात थंडगार असायचे माझे, खरं तर.
रेडिएटरवर धरून मग तिला आत बोलवायची.
ती कोळशानं भरलेल्या छात्या घेऊन यायची,
आधी नवऱ्याची, मग दिराची, मग भावाची,
आणि लशींच्या फ्रिजमध्ये
गुपचूप बेदाण्यांचे केक ठेवून जायची.
तपासणीवाल्यांनी एकदा पकडलं. लेखी ताकीद.
हे सगळं जमेला, समजा.

आणि ग्विन?
तीन महिने मी त्याच्या खोकल्याला
खोकला म्हणत राहिले.
त्याच्या छातीत खाणीची धूळ आहे
हे अख्ख्या गल्लीला ठाऊक,
म्हणून धुळीच्या मागे मी बघितलंच नाही.
त्याची बायको भेटते को-ऑपमध्ये.
हवेबद्दल बोलते.
तेवढंच. हवेबद्दल.

नावाला किंमत असती तर त्या नावावर
उधारीही चढली असती.
शून्य ऐकून, खोटं कशाला बोलू,
मला सुटल्यासारखं झालं.

नवा डॉक्टर मिळाला नाही. जाहिरात दोनदा दिली.
इमारत स्वानसीची कंपनी घेतेय,
वर दोन फ्लॅट, खाली बहुधा कुत्र्यांचं पार्लर.
पेशंट दोन हजार नऊशे अकरा.
त्यांना पत्रं जातील. हेल्थ सेंटर डोंगरापलीकडे.
बस तासाला एक, रविवारी तीही नाही.

रात्री यादी पुन्हा वाचली.
पान तीन, ओळ चौदा:
स्टेथोस्कोप, वापरलेला, नग एक. पाच पौंड.
अरे, माझा!
पण अर्धी भागीदारी अजून प्रिचर्डच्या नावावर.
तो जाऊन सहा वर्षं झाली,
बाई होममध्ये, मला कधी ओळखतात, कधी नाही.
हिशोब तो हिशोब.

पर्समधून पाचाची नोट काढली,
गल्ल्यात टाकली,
माझ्याच नावानं पावती फाडली
आणि खाली लिहिलं, पैकी अडीच
मिसेस प्रिचर्ड यांचे.